प्रकाश गाभ्याचा, भरवसा आवरणाचा

जिवंत पेशीतले एखादे प्रथिन कुठून निघते आणि कुठे पोहोचते हे पाहायचे, तर आधी त्याला चमकणारी खूण बांधावी लागते. पेशीतली प्रथिने सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी ओळखू येत नाहीत. खूण असेल तरच त्यांचा माग काढता येतो. अनेक दशके हे काम फ्लुरोसंट रंगांनी केले. निळा प्रकाश टाकला की हिरवा परत देणारे, हिरवा टाकला की तांबडा देणारे हे सेंद्रिय रेणू आजही प्रत्येक प्रयोगशाळेत आहेत. त्यांची अडचण एकच, पण मोठी आहे. सूक्ष्मदर्शकाच्या प्रखर प्रकाशात ते पाहता पाहता फिके पडतात आणि निरीक्षण मध्येच थांबवावे लागते.

क्वांटम डॉट हे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटर व्यासाचे स्फटिक या बाबतीत फार सरस आहेत. ते बराच काळ चमकत राहतात, त्यांचा रंग नेमका असतो आणि एकाच दिव्याखाली अनेक रंगांचे कण एकदम पाहता येतात. तरीही ते भरवशाने बनवता येऊ लागल्यापासून पेशीच्या आत उपयोगी पडेपर्यंत मध्ये पाच वर्षे गेली. या काळात गाभ्यात फारसे बदलावे लागले नाही. सारा खटाटोप होता तो वरच्या आवरणाचा. कॅडमियम सेलेनाइडचा एक कण घेऊन, फ्लास्कपासून पेशीपर्यंतच्या वाटेवर त्याच्यावर एकेक थर का चढतो आणि कसा टिकतो, ते क्रमाने पाहू.

गाभा का चमकतो

कॅडमियम सेलेनाइडवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी घेतो. मागे त्याची रिकामी जागा उरते, तिला ‘होल’ म्हणतात. काही नॅनोसेकंदांनी इलेक्ट्रॉन पुन्हा होलला येऊन मिळतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. कण जितका लहान, तितकी ही जोडी दाटीवाटीत कोंडली जाते आणि बाहेर पडणारा प्रकाश निळ्याकडे सरकतो. सुमारे २ नॅनोमीटरचा कण निळसर दिसतो, ६ नॅनोमीटरचा तांबडा. पदार्थ तोच असतो. रंग ठरतो तो आकारावर.

हा परिणाम १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अलेक्सी एकिमोव्ह यांनी काचेत आणि लुई ब्रुस यांनी द्रावणात दाखवला. १९९३मध्ये एमआयटीतील मौंगी बावेंडी यांच्या गटाने सारख्या आकाराचे कण बनवण्याची भरवशाची कृती दिली. या तिघांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एवढ्या लहान आकाराची दुसरी बाजू बघा. ३ नॅनोमीटरच्या कणात साधारण ५०० अणू मावतात आणि त्यांतले एकतृतीयांशाहून अधिक पृष्ठभागावर असतात. आतल्या अणूला चारही बाजूंनी शेजारी असतो. पृष्ठभागावरच्या अणूचा एखादा तरी बंध मोकळा राहतो. हे मोकळे बंध म्हणजे सापळे. इलेक्ट्रॉन किंवा होल त्यात अडकले की ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जाते. शिवाय हवेतला ऑक्सिजन आणि पाणी याच अणूंवर आधी हल्ला करतात. म्हणजे उघडा कण मंदही असतो आणि अल्पायुषीही.

पहिला थर: तेलकट शेपट्या

पहिले आवरण कण जन्माला येतानाच चढते. बावेंडींच्या कृतीत ट्रायऑक्टाइल फॉस्फिन ऑक्साइड, थोडक्यात ‘टोपो’, हा मेणासारखा पदार्थ आर्गॉन वायूखाली ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि त्यात कॅडमियम व सेलेनियमची संयुगे सिरिंजने एका झटक्यात सोडतात. क्षणात असंख्य बीजस्फटिक तयार होतात. मग फ्लास्कमधला रंग पिवळा, नारिंगी, तांबडा असा बदलत जातो. कण वाढत असल्याची ती खूण. हव्या त्या रंगावर उष्णता काढून घेतली की वाढ थांबते.

टोपोच्या रेणूचे ऑक्सिजनचे टोक कॅडमियमच्या अणूला धरते आणि आठ-आठ कार्बनच्या तीन शेपट्या बाहेर राहतात. असे पृष्ठभागाला धरून बसणारे रेणू म्हणजे लिगंड. त्यांच्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत आणि बेसुमार वाढतही नाहीत. रसायनशास्त्रज्ञ याला ‘कॅपिंग’ म्हणतात. सल्फाइडच्या नॅनोकणांच्या कॅपिंगवर पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने काम केले आहे.

हा थर मात्र पुरा पडत नाही. टोपोचे रेणू अवजड असल्याने प्रत्येक अणूपर्यंत पोहोचत नाहीत आणि सेलेनियमचे अणू जवळपास उघडेच राहतात. शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे दहाएकच परत मिळतात. आणि शेपट्या तेलकट असल्याने कण टोल्युइन, हेक्झेन, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतो, पाण्यात नाही.

दुसरा थर: झिंक सल्फाइड

१९९६मध्ये शिकागो विद्यापीठातील मार्गारेट हाइन्स आणि फिलिप ग्युओ-सियोने यांनी या कणावर झिंक सल्फाइडचा पातळ स्फटिकथर चढवला आणि परत मिळणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण ५० टक्क्यांवर गेले. पुढच्याच वर्षी बावेंडींच्या गटाने निरनिराळ्या आकारांच्या, म्हणजे निरनिराळ्या रंगांच्या कणांवर हेच करून दाखवले.

कारण सरळ आहे. कॅडमियम सेलेनाइडमध्ये इलेक्ट्रॉनला वर जाण्यासाठी सुमारे १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, झिंक सल्फाइडमध्ये सुमारे ३.६. त्यामुळे गाभ्यात तयार झालेल्या जोडीला बाहेरचा थर उंच भिंतीसारखा आड येतो. ती पृष्ठभागावरच्या सापळ्यांपर्यंत पोहोचत नाही आणि आतच एकत्र येऊन प्रकाश देते.

थर चढवण्याचे काम सबुरीचे आहे. जस्त आणि गंधकाची संयुगे थेंबाथेंबाने सोडावी लागतात आणि तापमान पहिल्या पायरीपेक्षा खाली ठेवावे लागते. घाई केली तर झिंक सल्फाइड कणावर बसण्याऐवजी स्वतःचेच वेगळे स्फटिक बनवते. दुसरी अडचण जाडीची. दोन्ही स्फटिकांतल्या अणूंच्या अंतरात सुमारे १२ टक्क्यांचा फरक आहे. एक-दोन अणुथरांपर्यंत हा ताण सोसला जातो. त्यापुढे थरात दोष पडतात आणि त्या दोषांतून पुन्हा सापळे तयार होतात. म्हणून अनेकदा मध्ये कॅडमियम सल्फाइडचा थर देतात. त्याचा गाभ्याशी फरक सुमारे ४ टक्केच असल्याने तो दोन्हींना जुळवून घेतो. २००८मध्ये दोन गटांनी कॅडमियम सल्फाइडचा खूप जाड थर वाढवून कणांची मध्येच विझण्याची खोडही मोठ्या प्रमाणात घालवली. त्याची किंमत म्हणजे कणाचा वाढलेला आकार.

झिंक सल्फाइडचे आणखी एक काम आहे आणि ते जिवंत पेशीसाठी अधिक महत्त्वाचे. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यात आंबट आमटी कळकते, कारण धातू थेट आंबटाच्या संपर्कात येतो. इथेही तसेच घडते. पेशी गिळलेल्या वस्तू लायसोसोममध्ये पाठवते आणि तिथला पीएच ४.५ ते ५, म्हणजे चांगलाच आम्ल असतो. थर अखंड असेल तर कॅडमियम आत राहते. एखादी जागा उघडी पडली तरी ते झिरपू लागते.

पाण्यात उतरवण्याच्या तीन वाटा

आता कण उजळ झाला, पण अजून तेलकटच आहे. पेशीत पाणी, मीठ आणि प्रथिने. तिथे जाण्यासाठी बाहेरची बाजू पाण्याला मानवणारी करावी लागते. २५ सप्टेंबर १९९८च्या ‘सायन्स’च्या अंकात दोन लेख शेजारीशेजारी आले आणि क्वांटम डॉट जीवशास्त्रात दाखल झाले. एक होता बर्कलेतील पॉल अलिविसाटोस यांच्या गटाचा, दुसरा वॉरन चॅन आणि शुमिंग नी यांचा. दोघांनी वेगवेगळी आवरणे वापरली होती.

पहिली वाट लिगंड बदलण्याची. चॅन आणि नी यांनी टोपो काढून त्या जागी मर्कॅप्टोअॅसेटिक अॅसिड बसवले. या छोट्या रेणूच्या एका टोकाला गंधक असते, ते जस्ताला घट्ट धरते. दुसऱ्या टोकाला कार्बोक्सिल गट असतो, तो पाण्यात रमतो. ही अदलाबदल डोळ्यांनी दिसते. नळीत खाली जड क्लोरोफॉर्म, त्यात तांबडे चमकणारे कण. वर स्वच्छ पाणी. नवे लिगंड घालून नळी हलवत राहिले, मग थोडी स्थिर होऊ दिली, की अतिनील टॉर्चच्या उजेडात चमक खालच्या थरातून वरच्या थरात गेलेली दिसते. कण तेच, आवरण बदलल्याने त्यांनी घर बदलले.

या वाटेचा फायदा म्हणजे कण लहान राहतो. तोटा म्हणजे एका गंधकाची पकड कच्ची असते. प्रकाशात असे दोन गंधकाच्या टोकाचे रेणू, म्हणजे थायॉल, एकमेकांशी जुळून डायसल्फाइड होतात आणि पृष्ठभाग सोडून जातात. २००१मध्ये शियाओगांग पेंग यांच्या गटाने हे तपशिलात दाखवले: आधी आवरण सुटते, मग कण गठ्ठ्याने खाली बसतात. कार्बोक्सिल गटही आम्लात आपला ऋण प्रभार गमावतो आणि कण एकमेकांना दूर ठेवू शकत नाहीत. उपाय म्हणजे पकड दुहेरी करणे. हेदी मट्टूसी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये डायहायड्रोलिपोइक अॅसिड वापरले. त्यात दोन गंधक एकाच रेणूत असतात. एकाची पकड सुटली तरी दुसरे धरून ठेवते आणि सुटलेले परत जागेवर येते. असे कण अल्कधर्मी द्रावणात महिनोन्महिने टिकतात.

दुसरी वाट जुने आवरण तसेच ठेवून वर नवे गुंडाळण्याची. ज्या रेणूची एक बाजू तेलकट आणि दुसरी पाण्याला मानवणारी आहे, तो घेतला की त्याची तेलकट बाजू टोपोच्या शेपट्यांत गुंतते आणि पाण्याकडची बाजू बाहेर राहते. २००२मध्ये बेन्वा ड्युबर्त्रे आणि सहकाऱ्यांनी फॉस्फोलिपिडच्या आवरणात कण गुंडाळून झेनोपस बेडकाच्या भ्रूणात सोडले आणि पेशी विभागत गेल्या तरी त्यांचा माग काढला. २००३मध्ये पॉलिअॅक्रिलिक अॅसिडला ऑक्टिलअमिनच्या शेपट्या जोडलेला पॉलिमर वापरून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवरचे ‘हर-२’ प्रथिन दाखवले गेले. यात झिंक सल्फाइडच्या पृष्ठभागाला हात लागत नाही, म्हणून चमक जवळजवळ पूर्ण टिकते. मात्र एवढे गुंडाळल्यावर एकूण व्यास १५ ते २० नॅनोमीटरच्या घरात जातो.

तिसरी वाट सिलिकाची. अलिविसाटोस यांच्या गटाने १९९८मध्ये हीच घेतली होती. सिलिकाचे कण बनवण्याची मूळ पद्धत वेर्नर श्टोबर आणि सहकाऱ्यांनी १९६८मध्ये दिली: अल्कोहोल, पाणी आणि अमोनियात सिलिकॉनचे एक संयुग सावकाश मोडते आणि त्यातून सिलिकाचे जाळे विणले जाते. या जाळ्यातले बंध एकमेकांत गुंफलेले असल्याने आवरण सुट्या लिगंडप्रमाणे एकेक करून निघून जात नाही. त्यावर अमिन किंवा थायॉल गट बसवून, हवे ते प्रथिन ओळखून धरणारे प्रतिपिंड जोडणेही सोपे. पण सिलिका सच्छिद्र असते आणि पाण्यात अगदी हळू का होईना विरघळते. आणि बेताने वाढवली नाही तर अनेक कण एकाच गोळ्यात अडकतात.

मीठ, प्रथिने आणि आकार

पाण्यात विरघळला म्हणजे काम झाले असे नाही. फक्त प्रभाराच्या जोरावर एकमेकांपासून दूर राहणारे कण शुद्ध पाण्यात छान राहतात. शरीरातल्या द्रवांत मात्र मिठाचे प्रमाण सुमारे १५० मिलिमोलर असते. सोडियम आणि क्लोराइडचे आयन प्रत्येक कणाभोवती जमा होऊन त्याचा प्रभार झाकतात, इतका की एक नॅनोमीटरच्याही आत त्याचा प्रभाव ओसरतो. मग कण जवळ येतात आणि चिकटतात.

यावर सर्वाधिक वापरला जाणारा उपाय म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, अर्थात पेग. या लवचीक साखळ्या भरपूर पाणी धरून ठेवतात. दोन कण जवळ आले तर साखळ्या दाबल्या जातात आणि पाणी बाहेर ढकलावे लागते. ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग असल्याने कण मागे सरतात. हा अडथळा मिठाने कमी होत नाही.

पेगचे दुसरे काम प्रथिनांना दूर ठेवणे. रक्तात फक्त अल्ब्युमिनच लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम असते. उघड्या कणावर प्रथिनांचा थर बसायला वेळ लागत नाही. एकदा तो बसला की पेशीला वरचा प्रथिनांचा थर दिसतो, आपण काळजीपूर्वक जोडलेले प्रतिपिंड नाही. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी अशा कणांना उचलून नेतात. धन प्रभाराचे कण तर पेशींच्या ऋण प्रभारित पटलाला कुठेही चिकटतात आणि चित्रात सगळीकडेच चमक दिसते. खूण नेमकी बसली आहे की उगाच चिकटली आहे, हे मग सांगता येत नाही.

प्रत्येक थराबरोबर आकार वाढतो आणि शरीरात आकाराचा हिशोब चुकवता येत नाही. दोन चेतापेशींमधली फट सुमारे २० नॅनोमीटरची. तिथल्या ग्राहीप्रथिनांचा माग काढायचा तर खुणेने फटीत मावले पाहिजे. २००७मध्ये हाक सू चोई, जॉन फ्रँजिओनी, बावेंडी आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की आवरणासह एकूण व्यास सुमारे ५.५ नॅनोमीटरपेक्षा कमी असेल तर कण मूत्रपिंडातून लघवीवाटे लवकर बाहेर पडतात. त्यांनी आवरण म्हणून सिस्टीन हे छोटेसे अमिनो आम्ल वापरले. त्यावर धन आणि ऋण असे दोन्ही प्रभार असतात. ते एकमेकांना तोलतात, त्यामुळे प्रथिने चिकटत नाहीत आणि पेगसारखी जाडीही वाढत नाही.

कॅडमियमचा प्रश्न

२००४मध्ये सॅन दिएगो येथे ऑस्टिन डर्फस, वॉरन चॅन आणि संगीता भाटिया यांनी यकृताच्या पेशींवर केलेले काम या क्षेत्रात वारंवार आठवले जाते. हवेत किंवा अतिनील प्रकाशात गाभ्याचे ऑक्सिडेशन झाले तर मोकळे कॅडमियम आयन सुटतात आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडच्या थराने हे बरेच कमी झाले, पण पूर्ण थांबले नाही. म्हणून प्रयोगशाळेतल्या पेशींसाठी चालणारा कण माणसाच्या शरीरासाठी चालेलच असे नाही.

त्यामुळे आज इंडियम फॉस्फाइडसारख्या कॅडमियमरहित गाभ्यांवर भर आहे. त्यांनाही झिंक सेलेनाइड आणि झिंक सल्फाइडचे आवरण लागतेच. दुसरी दिशा कॉर्नेल विद्यापीठातील उलरिच वीसनर यांच्या ‘कॉर्नेल डॉट’ची. त्यात जड धातू नाही: एक सेंद्रिय फ्लुरोसंट रंग सिलिकात बंद आणि वर पेगच्या आखूड साखळ्या, एकूण व्यास ६-७ नॅनोमीटर. सिलिकाच्या कोंदणात रंगही मोकळ्या रेणूपेक्षा अधिक उजळ आणि टिकाऊ होतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात मेलॅनोमाच्या पाच रुग्णांवर या कणांची पहिली मानवी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१४मध्ये प्रसिद्ध झाले.

आवरण टिकले का, ते असे तपासा

या विषयात काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. कण आले किंवा बनवले की आधी थोडेसे द्रावण १५० मिलिमोलर मिठात टाका आणि एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी ते गढूळ दिसले किंवा तळाशी चमकणारा गाळ बसला, तर पेशीवर वापरण्यात अर्थ नाही. मग तीच चाचणी पीएच ५च्या द्रावणात आणि ज्यात पेशी वाढवता त्या सीरमयुक्त माध्यमात करा. शुद्ध पाण्यातला निकाल फसवा असतो.

विरळ द्रावणाकडे विशेष लक्ष द्या. एका गंधकाने धरलेले लिगंड पृष्ठभाग आणि द्रावण यांत ये-जा करत असतात. घट्ट द्रावणात सुटलेला रेणू परत येतो. तेच द्रावण हजारपट विरळ केले की परतणारे कमी होतात आणि आवरण उघडे पडत जाते. बाटलीत महिनोन्महिने नीट राहिलेला नमुना प्रयोगाच्या दिवशी गाळ होऊन बसतो, त्याचे कारण बहुधा हेच. म्हणून लागेल तेवढेच आणि लागेल तेव्हाच विरळ करा. पाण्यातले कण फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवा, पण गोठवू नका. बर्फाचे स्फटिक वाढताना कणांना उरलेल्या थोड्या पाण्यात दाटीने ढकलतात आणि ते चिकटले की वितळल्यावरही सुटत नाहीत.

आकार मोजताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर थांबू नका. त्यात मुख्यतः गाभा आणि झिंक सल्फाइड दिसते. पॉलिमर आणि पेग जवळपास दिसत नाहीत. पाण्यात फिरतानाचा खरा व्यास प्रकाशाच्या विकिरणावरून मोजावा लागतो आणि पेशीशी संबंध याच व्यासाचा येतो. शिवाय प्रतिपिंड न जोडलेले, पण तेच आवरण असलेले कण शेजारच्या पेशींवर टाकून पाहा. तिथेही चमक दिसली तर ती आवरणाच्या चिकटपणाची आहे.

एकच आवरण सगळीकडे चालत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर काही मिनिटांचे निरीक्षण असेल तर पॉलिमरचे आवरण उत्तम. अरुंद जागेत शिरायचे असेल तर दुहेरी पकडीचे छोटे लिगंड. शरीरातून बाहेर पडणे आवश्यक असेल तर ५.५ नॅनोमीटरची मर्यादा आणि कॅडमियमरहित गाभा. पुढच्या वेळी पेशींचे सुंदर रंगीत चित्र असलेला शोधनिबंध हाती आला, तर चमकीचे आकडे नंतर पाहा. आधी आवरण कशाचे, ते चढवल्यावर एकूण व्यास किती आणि ते कोणत्या द्रवात किती दिवस टिकले, हे शोधा. या तीन प्रश्नांची उत्तरे निबंधात नसतील, तर त्या चित्रावर विसंबू नका.